हरणी, जात पामेरियन

शिकारी कुत्र्यांबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं बुऱ्हाणपुरात दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. यात बढाई काही नाही, कारण दुसऱ्या कोणी तसा प्रयत्नच केलेला नाही. लोकांना दुकानं आहेत, पोरांची लग्नं आहेत. मी कागद कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी केली. तिथे वेळही भरपूर आणि वाचायला कागदाची ददात नाही. त्यामुळे शिकारी कुत्र्यांत दोन घराणी असतात, एक नाकाचं आणि एक नजरेचं, हे मला तेव्हापासून पाठ. बीगल नाकाचा. वास लागला की गळा काढून गातो. पॉइंटर पक्षी दिसला की पाय उचलून जागच्या जागी थिजतो. राजापालयम पांढराशुभ्र, नाक गुलाबी. कोंबई रानडुकराला भीत नाही. आमच्या सौभाग्यवती सिंधूला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी मुधोळ आणि पश्मी यांच्यातला फरक समजावून सांगितला होता, की पश्मीच्या कानांना आणि शेपटीला रेशमी झालर असते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, आणि कुत्रं कुठंय?"

कुत्रं नव्हतंच. आधी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ठेवू देत नव्हते, मग बुधवारा मोहल्ल्यात दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं तिथे सिंधू ठेवू देत नव्हती. मला हवी होती ती कारवानी, नजरेच्या घराण्यातली. एकदा लातूरकडे एका लग्नाला जाताना एसटीच्या खिडकीतून मी ती पाहिली. काढलेल्या ज्वारीच्या रानातून एक पिवळसर, सडपातळ कुत्री आमच्या गाडीच्या बरोबरीने पळत होती. कोणाच्या मागे नाही, कोणासाठी नाही, आपली पळत होती. पाय जमिनीला लागत होते की नाही कळत नव्हतं. मी खिडकीच्या गजाला तोंड लावून बसलो होतो. मग ती वळली आणि बांधापलीकडे गेली. गाडीतल्या दुसऱ्या कोणाला काही दिसलंही नाही, माझ्या शेजारचे गृहस्थ संत्रं सोलत होते. तेव्हापासून मला ती हवी आहे, आणि खरं सांगतो, इतकी ओढ मला दुसऱ्या कशाची लागली नाही. आपलं म्हणून असं एक जनावर असावं आणि ते आपल्या डोळ्यांदेखत सुटावं, एवढंच. पण साठी उलटली, गुडघे वाजायला लागले, आणि आता राहिलंच हे, असं मी मनाशी धरून चाललो होतो.

तर दिवाळीच्या आधी चुडामण घरी आला. चुडामण माझा शाळेपासूनचा मित्र, निंबोल्याला त्याची केळी आणि कापूस. चहा बशीत ओतत म्हणाला, "भास्कर, डुकरांनी लई वैताग आणला भो. केळीचे कंद उकरून खाऊन राह्यले. तू कुत्र्यांतला मास्टर. मले एक शिकारी कुत्रं निवडून दे. मारायचं काही नाही बरं, केस बनते. नुस्तं वावरातून हाकललं म्हंजे झालं."

जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला हा प्रश्न आपण होऊन विचारत होतं. कशी कोण जाणे, मान ताठ झाली. डुक्कर हाकलायला कोंबई सांगायला हवा होता. नाहीतर सरळ गावातलंच एखादं घसा चांगला असलेलं कुत्रं. हे मला कळत होतं. पण तोंडातून निघालं, "कारवानी." आणि वर हेही निघालं, की शिकारी कुत्र्याला आधी माणसांची सवय लागावी लागते, तेव्हा सुरुवातीचे काही महिने ते माझ्या घरी राहील. असा नियम जगात कुठेही नाही. चुडामणने मात्र मान डोलावली, "तू म्हन्शील तसं."

सिंधूला मी सांगितलं की पाहुणी येणार आहे, चुडामणची आहे, थोडे दिवस राहील. "कोण पाहुणी?" म्हणाली. मी सांगितलं. ती उठून आत गेली आणि भांडी जोरजोरात लावायला लागली.

गल्लीत बातमी पसरायला भांड्यांचा तेवढा आवाज पुरला. खालच्या मजल्यावर होमिओपॅथीवाले समाधान डॉक्टर राहतात. ते वर आले आणि म्हणाले, "भास्करराव, लॅब घ्या. लॅबला डोकं असतं." समोरच्या मनीषाभाभी गॅलरीतून म्हणाल्या, "अंकल, शित्झू लो ना, क्यूट दिसतो, सोफ्यावर शोभतो पण." मी त्यांना नजरेने शिकार करणाऱ्या कुत्र्यांचा इतिहास थोडक्यात सांगितला. सांगून होईपर्यंत त्यांच्या कुकरच्या बऱ्याच शिट्ट्या झाल्या होत्या.

चांगल्या कारवानी रावेरच्या अलीकडे एका गावात निरंजन आबांकडे मिळतात असं कळलं. आबा म्हणजे मोठे बागायतदार, पांढऱ्या मिशा, आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो. मी विचारलं, एक कारवानी कशी काय द्याल? ते फोनमधून गरजले, "आम्ही कुत्री विकत नसतो. देतो. आणि घर पाहिल्याबिगर देत नाही. ऐतवारी येतो."

आणि खरोखरच आले की हो! सोबत त्यांची मंडळी आणि एक मावसभाऊ. आल्या आल्या त्यांनी चपला काढून सगळं घर पाहिलं, गॅलरीत जाऊन खाली वाकले, गच्ची पाहिली, मोरीचं दार लावून पाहिलं. सिंधू आतून चिडलेलीच होती, पण दारात माणसं आली म्हटल्यावर तिला राहवेना. पोहे झाले, मावा जलेबी आली. मग सगळे बैठकीत ओळीने बसले आणि मी समोर, खुर्चीच्या कडेवर. "शिक्षण किती?" "नोकरी कुठे होती?" "व्यसन?" "चालायला जाता का रोज?" मी म्हटलं, जातो, राजघाटापर्यंत. आबांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने मावसभावाकडे. मग आबा म्हणाले, "जरा चालून दाखवा."

मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या सतरंजीवर, स्वतःच्या बायकोसमोर खिडकीपासून दारापर्यंत चालून दाखवलं. "वळा," आबा म्हणाले. मी वळलो. सिंधूला पाहायला मी माझ्या वडिलांबरोबर गेलो होतो तेव्हा तिलाही असंच चालायला लावलं होतं, आणि ते मी विसरलो असलो तरी ती विसरलेली नव्हती हे पदर तोंडात कोंबलेल्या तिच्याकडे पाहून मला कळलं. मावसभाऊ हळूच म्हणाला, "उजव्या पायात जरा आहे." मला इतकी शरम वाटली की पुन्हा खुर्चीत बसायचं की उभंच राहायचं ते सुचेना.

शेवटी आबांनी निकाल दिला. "मानूस बरा आहे, बाई फार बऱ्या आहेत. जागा मात्र नाही. कारवानीले पळायले रान लागतं, तुमच्याकडे गच्ची आहे. तरी पण देतो. शिवरात्र झाली की येईन, मले पळवून दाखवा. पळाली तर तुमची. पळणं विसरली आसल तर तशीच गाडीत घालून नेईन. मंग रडू नका." मी म्हटलं, मंजूर. त्या वेळी त्यांनी मला सतरंजीवर कोलांटी मारायला सांगितली असती तरी मी मारली असती.

ती दिवाळीनंतर आली. चुडामणच्या पिकअपमध्ये केळीच्या वाळल्या पानांवर उभी होती. हरणी हे नाव आबांनीच ठेवलेलं. वयाने तरणी, रंग वाळल्या गवताचा, मान लांब, छाती खोल आणि कंबर अशी बारीक की दोन्ही हातांच्या ओंजळीत मावावी. डोळे काजळ घातल्यासारखे. ती जिना चढून वर आली, घरभर एक फेरी मारली आणि दिवाणावर चढून तोंड खिडकीकडे करून बसली. मी समोर स्टुलावर बसून तिच्याकडे बघत राहिलो. सिंधू म्हणाली, "पाहुणी दिवाणावर आणि घरधनी स्टुलावर." मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

आता कारवानीच्या फासळ्या दिसतात. दिसायलाच हव्यात. तेच तिचं सौंदर्य, असं मी गल्लीत ज्याला त्याला सांगत होतो. पण आमच्या गल्लीत सुखी माणूस ओळखायची खूण म्हणजे पोट. दुसऱ्याच दिवशी मनीषाभाभींनी सिंधूला विचारलं, "आंटी, अंकल तिला खायला देत नाहीत का?" तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मला पाव किलो पेढे बांधून दिले आणि म्हणाला, "कुत्री के लिए, पैसे रहने दो." नोकरीत स्टोअरकीपर म्हणून मी एक खिळाही जास्त दिला नाही, त्याची ही अशी कीर्ती! मग जो तो येता-जाता हरणीला काहीतरी घालायला लागला. सकाळी पोहे, दुपारी पोळी, संध्याकाळी जलेबी. समाधान डॉक्टरांच्या घरून रव्या-तुपाचा गोड दराबा यायचा. हरणी तो चाटून अगदी स्वच्छ करायची, मग मान वळवून खिडकीबाहेर बघायची. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते, दुसरं काही नाही. पण ती बघत असायची.

तेवढ्यात कोणीतरी तक्रार केली की बुधवाऱ्यात एक इसम कुत्री उपाशी ठेवतो आणि तिचा परवानाही काढलेला नाही. परवाना लागतो हे मलाच माहीत नव्हतं. मी नगर निगमच्या ऑफिसात गेलो. संगणकापुढे तुषार नावाचा तरुण बसला होता, बोलायला गोड.

"नस्ल?" त्याने विचारलं.

"कारवानी."

त्याने बराच वेळ पडद्यावर खाली-वर केलं. "ये तो आ नहीं रहा अंकल. लॅब है, शेफर्ड है, पग है, पामेरियन है, देसी है."

"अहो देशीच आहे ती. अस्सल दख्खनची. देशी लिहा."

"देसी में नसबंदी का कागज लगेगा."

"आणि पामेरियनला?"

"पामेरियन को कौन पूछता है?"

मी त्याला मुधोळ, कारवानी, पश्मी हे सगळं सांगितलं. मागे रांग वाढत होती. मागचा माणूस म्हणाला, "चाचा, कुछ भी लिखवा लो, कुत्ता थोड़ी पढ़ेगा." कुत्रा वाचणार नव्हता, पण मी वाचणार होतो ना! शेवटी मोहोर उठली ती उठलीच. जगातल्या सगळ्यात वेगवान देशी शिकारी कुत्रीच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला आला, त्यावर जात पामेरियन. तो तिच्या गळ्यात बांधताना मी तिची माफी मागितली. सिंधूने ते ऐकलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

सिंधूचं तोवर निराळंच चाललं होतं. आधी ती हरणीला हातही लावत नव्हती. मग संध्याकाळी मालिका बघताना हरणी तिच्या पायाशी येऊन बसायला लागली. मग एक दिवस जुन्या साड्यांची गोधडी दिसली. मी विचारलं तर म्हणाली, "फरशी खराब होते तिच्या नखांनी, म्हणून शिवली." मग दुपारी मी बाहेरून आलो तर आतून आवाज, "अगं, आमच्या वेळी असं नव्हतं बाई." माझ्याशी इतक्या प्रेमाने ती शेवटचं कधी बोलली होती ते मला आठवेना. मला राग आला नाही, हेवा मात्र वाटला.

संक्रांत झाली आणि चुडामणचा फोन आला, "झाली का तालीम? डुकरं वाट पाहून राह्यली." आम्ही हरणीला घेऊन निंबोल्याला गेलो. चुडामणची आई गोदाबाई बांधावर खाट टाकून बसल्या होत्या, गावातली चार माणसंही जमली. मी सगळ्यांना समजावलं की ही नजरेची शिकारी आहे, दूरचं हलणारं काही दिसलं की संपलं. हरणी केळीच्या बागेपुढे उभी राहिली. बाग दाट, पानं पानांत गेलेली, आत हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. ती आत गेली. चारदोन खुंटांपर्यंत गेली, थांबली, मान वर केली, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि परत येऊन सिंधूच्या शेजारी बसली.

त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नजरेने शिकार करणारं कुत्रं मी केळीच्या बागेसाठी निवडलं होतं! एवढं वाचन, एवढी वर्षं, आणि केळीची बाग म्हणजे काय हे मी, बुऱ्हाणपूरचा माणूस, साफ विसरलो होतो. बागेत सुरसुर झाली, एक डुक्कर आमच्या डोळ्यांसमोरून बांध ओलांडून गेलं, आणि गोदाबाईंच्या खाटेखालचं शेपूट तुटकं गावठी कुत्रं अशा आवाजात त्याच्या मागे लागलं की पक्षी उडाले. हरणीने ते सगळं दुरून पाहिलं.

"हे काय रे बाबा?" गोदाबाई म्हणाल्या, "ही तर कथेले आलेल्या पाव्हनीवानी बसली."

चुडामण बिचारा सज्जन. हसू दाबत म्हणाला, "भास्कर, डुकरांचं आमचं आम्ही पाहू. ही राहू दे तुझ्याकडेच." गावातली माणसं हसत होती, माझ्या ज्ञानाचा पार चोथा झाला होता, आणि मी मात्र मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो. आता ती पाहुणी नव्हती. आता आबा तेवढे उरले.

शिवरात्र जवळ आली तसा मी कॅलेंडरवर दिवस मोजायला लागलो. कारण हरणी आता बुधवाऱ्याची झाली होती. कंबर भरली होती, फासळ्या दिसेनाशा झाल्या होत्या. मी गल्लीत घरोघरी जाऊन हात जोडले, जलेबी बंद करा. लोक वाईट मानून गेले. मनीषाभाभी म्हणाल्या, "कमाल आहे अंकल, स्वतः देत नाही, आम्हाला पण देऊ देत नाही." मी कॅनव्हासचे बूट आणले आणि पहाटे तिला राजघाटावर पळवायला न्यायला लागलो. पळत मी होतो. ती शेजारून चालत होती, आणि तरी माझ्या पुढे असायची. तापीच्या पाण्यावरून ऊन यायला लागलं की ती थांबून पलीकडच्या काठाकडे बघायची, कान मागे घेऊन, एकटक. मी वाट बघायचो. आता सुटेल, आता सुटेल. मग ती वळून घरच्या वाटेला लागायची. मला अगदी रडू यायचं.

शिवरात्रीनंतरच्या रविवारी आम्ही सगळे पुन्हा निंबोल्याला, हरणी चुडामणच्या पिकअपमध्ये, मी आणि सिंधू मागून स्कूटरवर. चुडामणच्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या आणि वावर कसं मोकळं, सपाट, दूर लिंबाच्या झाडापर्यंत. बाजूला केळीची बाग. आबा मंडळींना घेऊन गाडीने आले, त्यांनी हरणीकडे एकदा पाहिलं, बिल्ला हातात घेऊन वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत राहिलो.

"सोडा," आबा म्हणाले.

मी दोरी सोडली. हरणी दोन पावलं गेली आणि बसली. आबांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला. हरणीने जांभई दिली. सिंधू म्हणाली, "जा ना गं, जा ना राणी." हरणी तिच्याकडे बघून शेपूट हलवायला लागली. आबांनी खिशातून स्वतःची दोरी काढली.

त्यानंतर मी जे केलं ते कोणी सांगितलं नव्हतं आणि पुन्हा कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन. मी पळत सुटलो. "अशी पळ, अशी!" म्हणून ओरडत, कॅनव्हासच्या बुटांत, ढेकळांवरून, सगळ्या गावासमोर. माझ्या मते मी चांगला पळत होतो. मग एका राहिलेल्या पऱ्हाटीच्या खुंटात पाय अडकला आणि मी तोंडावर पडलो. मागून कोणीतरी "अरारा" म्हणालं. चष्मा मातीत. मी तसाच पालथा पडून होतो, कारण उठून त्या लोकांकडे बघायची छाती होत नव्हती.

केळीच्या घडांवर धूळ आणि कीड लागू नये म्हणून पातळ पांढऱ्या पिशव्या चढवतात. वाऱ्याची एक झुळूक आली आणि त्यातली एक सुटलेली पिशवी बागेतून निघून वावरात आली. माझ्या अंगावरून गेली, जमिनीला टेकली, पुन्हा उचलली गेली, आणि लिंबाच्या दिशेने उड्या मारत निघाली.

माझ्या कानाजवळून काहीतरी गेलं. मी मान वर केली.

हरणी सुटली होती. कंबर वाकून पुढचे आणि मागचे पाय पोटाखाली एकमेकांत जात होते आणि पुन्हा अंग सगळं लांब होत होतं, लांब, आणखी लांब, आणि त्या लांब होण्यात ती चक्क हवेत होती. कुठली जलेबी आणि कुठलं काय! पिशवी डावीकडे वळली, ती डावीकडे वळली, अशी की अंग जमिनीला लागेल. माती उडत होती. मला चष्म्याशिवाय सगळं अंधुक दिसत होतं आणि तरी सगळं दिसत होतं. मी मातीत पडल्या पडल्या रडत होतो, अगदी उघड, आणि मला कोणाचीही लाज वाटत नव्हती. एवढ्यासाठीच मी थांबलो होतो.

तिने पिशवी पकडली, एकदा झटकली आणि टाकून दिली. पण परत आली नाही. लिंबाच्या पलीकडे अजून रान होतं, त्या रानाकडे तोंड करून ती उभी राहिली, धापा टाकत, कान मागे. आमच्या खिडकीतून ती असंच बघायची. तेव्हा मला वाटायचं की ती भिंतीकडे बघते.

आबा माझ्याजवळ आले, हात देऊन मला उठवलं, चष्मा पुसून दिला. त्यांचे डोळेही ओले होते, पण आवाज तसाच. "भास्करराव, मानलं. ठेवा तुम्ही. तुमची झाली."

किती वर्षं मी हे ऐकायला आसुसलो होतो! मी हरणीकडे पाहिलं. ती अजून तिकडेच बघत होती.

"न्या आबा तिला," मी म्हणालो.

"आँ? आता तर मी ठेवा म्हणून राह्यलो."

"तुमच्याकडे रान आहे. माझ्याकडे गच्ची आहे. न्या. मी विचार बदलायच्या आत न्या."

मला वाटलं सिंधू भांडेल. ती भांडली नाही. पिशवीतून गोधडी काढून तिने घडी नीट केली आणि आबांच्या मंडळींच्या हातात दिली. "थंडीत लागते तिला," म्हणाली, "आणि गोड देऊ नका. मागेल, पण देऊ नका." मी हरणीच्या गळ्यातला बिल्ला काढून घेतला. ती गाडीत चढली, सीटवर उभी राहिली, तोंड पुढच्या काचेकडे करून. गाडी वळणावर गेली तरी तिने मागे पाहिलं नाही. सिंधू हात हलवत होती. चुडामणने चहाला थांबा म्हटलं, पण आम्हाला थांबवेना.

परतताना आम्ही दोघंच, स्कूटरवर. लग्न झाल्यापासून सिंधू माझ्या मागे बसते आणि 'हळू' म्हणते. खड्डा असो नसो, समोर कोणी असो नसो, "हळू हो, हळू." मला ते आता ऐकूही येत नाही. त्या दिवशी मात्र एकही 'हळू' आलं नाही. मला वाटलं रडत असेल. दोन्ही बाजूंच्या केळीच्या बागा संपल्या, रस्ता सरळ झाला, समोर कोणी नव्हतं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "जरा जोरात घ्या ना."

मी घेतली. स्कूटरचे पत्रे वाजायला लागले, आरसा थरथरायला लागला, माझी टोपी उडून मागे कुठेतरी पडली.

"अजून," सिंधू म्हणाली.